गुंडूचा आठवड्याचा मेनू

बेंगळुरात माणूस माणसाला भेटला की "ऊटा आयता?" म्हणून विचारतो. जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी नऊला विचारा, संध्याकाळी सहाला विचारा, समोरच्यानं "आयतु" म्हणून मान हलवायची आणि आपल्या वाटेला लागायचं, अशी इथली रीत. पण राजाजीनगरात आप्पाजींच्या गल्लीत हा प्रश्न आप्पाजींनी विचारला तर उत्तर जपून द्यावं लागे. "अजून नाही" म्हणालात तर संपलंच, तुम्ही पाटावर. "झालं" म्हणालात तर पुढचा प्रश्न तयार, "काय जेवलात?" आणि तुम्ही भोळेपणानं "सारू-भात" म्हणालात की आप्पाजींचा चेहरा असा पडे, जणू तुमच्या घरी काही बरंवाईट झालंय. "नुसतं सारू-भात? हे काय जेवण झालं व्हय? या की आत. बसा की स्वल्प."

त्या 'स्वल्प'नं भलेभले आडवे केले होते. कुरियरवाला पार्सल गेटवरूनच आत टाकून पळायचा. गॅसवाल्यानं एकदा उपवास आहे अशी थाप मारली, तर आप्पाजींनी त्याला सिलिंडरवरच बसवून साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली, वर ताक. तो बिचारा पुढचे तीन जिने रांगत चढला म्हणतात.

माणूस वाईट नव्हता हो. सवयच तशी. आप्पाजी मूळचे निपाणीकडचे. विशीत इकडं आले आणि बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढपी म्हणून लागले, ते रिटायर झाले सुपरवायझर म्हणून. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या ताटात बघण्यात गेलं. त्यांचे नियम दोन. एक, स्वतः चव घेतल्याशिवाय एकही भांडं बाहेर जाणार नाही. दुसरा, लागोपाठ दोन दिवस तोच पदार्थ होणार नाही. एकदा लागोपाठ दोन दिवस उप्पिट झालं, तर लेथ मशीनवरच्या कामगारांनी ताटं वाजवून कारखाना डोक्यावर घेतला होता. तेव्हापासून आप्पाजींनी फळा आणला आणि आठवड्याचा मेनू खडूनं लिहायला लागले. रिटायर होताना साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ, घड्याळ की सूटकेस? आप्पाजी म्हणाले, फळा द्या.

तो फळा आता त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेला होता आणि त्याच्यावर काही लिहायची सोय उरली नव्हती. बायकोला, कस्तुराबाईंना, साखर निघाली, आप्पाजींना बीपी. लेक प्रणिता लग्न होऊन बेळ्ळंदूरला. तिथून राजाजीनगरला यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो, त्यामुळं ती सणासुदीलाच उगवायची. मग दोघांनी समोरासमोर बसून ज्वारीची भाकरी आणि बिनमिठाचा दोडका गिळायचा. कस्तुराबाई तर औषध घेतल्यासारख्या जेवायच्या, मान खाली घालून. आप्पाजी त्यांच्या ताटाकडं बघत बसायचे आणि वाढायला उचललेला हात पुन्हा खाली ठेवायचे.

अशा घरात गुंडू आला.

कोपऱ्यावर पद्मनाभचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या मागच्या गोदामात एका कुत्रीनं पिल्लं घातली होती. पिल्लं वाटून टाकता टाकता एक राहिलं, तांबूस, गोल, लाडवासारखं. पद्मनाभ त्याला घेऊन आला आणि म्हणाला, "अण्णा, हे तुम्हाला. भारी खातंय हो, आम्हाला परवडत नाही."

'भारी खातंय' हे शब्द आप्पाजींच्या कानात असे उतरले की विचारू नका. त्यांनी पिल्लाला दोन्ही हातांनी उचललं, पोट चाचपून पाहिलं आणि विचारलं, "ऊटा आयता?" पिल्लानं त्यांचं नाक चाटलं. झालं ठरलं.

"हे घरात राहणार नाही," कस्तुराबाई म्हणाल्या.

"नको राहू दे. आजच्यापुरतं जेवून जाऊ दे," आप्पाजी म्हणाले. आणि संध्याकाळपर्यंत त्याचं नाव गुंडू पडलं होतं.

आता आप्पाजी काही अडाणी नव्हेत. दुसऱ्याच दिवशी ते गुंडूला पिशवीत घालून स्मिता डॉक्टरांकडं गेले. या बाई पुण्याच्या, जनावरांचा दवाखाना इथं काढलेला. त्यांनी गुंडूला तपासलं, वजन केलं, आणि विचारलं, "आत्तापर्यंत काय खात होता?"

"पद्मनाभच्या घरचा मऊ भात आणि उकडलेलं अंडं."

"मग एकदम बदलू नका. पिल्लांचं कोरडं खाद्य मिळतं, त्यातलं एक निवडा. एकच हं. सुरुवातीला पाव भाग नवीन, बाकीचं जुनं. पोट ठीक राहिलं की अर्धं-अर्धं, मग पाऊण, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण नवीन. आणि कांदा-लसूण त्याला अजिबात द्यायचं नाही. बेदाणे नाहीत, चॉकलेट नाही."

डॉक्टर आणखीही बरंच बोलल्या. पण आप्पाजींचा कान 'कांदा-लसूण' या शब्दांवरच अडकला. घरी येऊन त्यांनी पिशवी उघडली, गुंडूला देवघरासमोर ठेवलं आणि कस्तुराबाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं, "अगं, हा कांदा-लसूण खात नाही! सोवळ्यातला आहे!"

"कुत्रा?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे याला नैवेद्याचं सगळं चालतंय बघ. शिरा चालतो, खीर चालते, साजूक तूप चालतंय. बेदाणे तेवढे नको म्हणाल्या, ते मी वेचून खाईन."

कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला.

मग आप्पाजी खाद्य निवडायला गेले. दुकानदारानं चार-पाच पाकिटं काढून दाखवली. आप्पाजींनी शांतपणे एक फोडायला लावलं, त्यातला दाणा उचलला आणि तोंडात टाकला. दुकानदार बघतच राहिला. आप्पाजींनी डोळे मिटून चावला, जिभेवर फिरवला. "मीठ नाही," ते म्हणाले. "भाजलंय बरं. पण चवीला उठाव नाही. दुसरं दाखवा की." असं करून त्यांनी कोंबडीचं खाल्लं, मासळीचं खाल्लं, बकऱ्याचं खाल्लं, भोपळ्याचं खाल्लं, आणि कुठलंच एक निवडायला मन होईना म्हणून चारी घेतली. डॉक्टर म्हणाल्या होत्या एकच. पण रोज एकच पदार्थ? लेथवाल्यांनी केवढा दंगा केला होता! आणि हे तर लहान लेकरू.

घरी आल्यावर त्यांनी फळा पुसला, खडू घेतला आणि कित्येक वर्षांनी वर मोठ्या अक्षरात 'आठवड्याचा मेनू' असं लिहिलं. सोमवारी कोंबडीचं खाद्य आणि तूप घातलेली मुगाची खिचडी. मंगळवारी मासळीचं आणि शेवयांची खीर. बुधवारी बकऱ्याचं आणि साखरभात. गुरुवारी आप्पाजी मांसमच्छीला शिवत नाहीत, म्हणजे खाद्याची (भोपळ्याच्यातही कोंबडीच होती) चव घेता येणार नाही, आणि चव घेतल्याशिवाय भांडं बाहेर जायचं नाही हा नियम. म्हणून गुरुवारी गुंडूलाही उपवास. साबुदाणा आणि रताळं. पद्मनाभच्या भाताला आणि अंड्याला फळ्यावर जागाच उरली नाही. "ते काय जेवण झालं व्हय?" आप्पाजी म्हणाले.

आणि कोरड्या खाद्याला उठाव नव्हता ना? त्याला फोडणी. मोहरी, हिंग, कढीपत्ता. कढईत चर्रर्र झालं की गुंडू मागच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि आप्पाजींचा ऊर भरून यायचा. खरंच यायचा. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातच्या जेवणाला कुणीतरी उड्या मारत होतं. ते त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे. "घे की. लाजू नको. आणखी थोडं? अरे, हे काय, एवढ्यात झालं?" गुंडू कधी म्हणतोय झालं! त्याचं पोट तबल्यासारखं तट्ट, तरी शेपूट हलतेच आहे.

व्हायचं तेच झालं. गुंडूचं पोट असं बिघडलं की घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. देवघरासमोर, दिवाणाखाली, आप्पाजींच्या चपलेत, कस्तुराबाईंनी पापडासाठी अंथरलेल्या नव्या कोऱ्या धोतरावर. आप्पाजींनी ठरवलं की कोंबडीचं खाद्य बाधलं. दुसऱ्या दिवशी मासळीचं वाढवलं. मग मासळीचंही बाधलं. मग ते थांबवून भोपळ्याचं. बदलताहेत आपले, बदलताहेत, आणि गुंडू आपला वाहतोय.

कस्तुराबाई फरशी पुसून पुसून वाकल्या. शेवटी फडकं बादलीत आपटून म्हणाल्या, "बास झालं! साकु! मी प्रणिताला फोन केलाय. तिच्या बिल्डिंगमध्ये कुत्र्यांची बाग आहे, कुत्र्यांना फिरवायला माणूस आहे. येत्या रविवारी ती येणार. तोवर याचं पोट सुधारलं तर ठीक, नाहीतर हा बेळ्ळंदूरला जाईल."

बेळ्ळंदूरला गेलेलं माणूस परत कधी दिसतं हे आप्पाजींना ठाऊक होतं. पोटची लेक दिसत नव्हती, तिथं कुत्र्याचं काय. ते गुंडूजवळ जाऊन बसले. गुंडू त्या दिवशी पहिल्यांदाच उठला नाही. त्यानं नुसती शेपूट एकदा हलवली आणि डोळे मिटून घेतले.

तसेच आप्पाजी त्याला उचलून दवाखान्यात धावले. फोनवर डॉक्टरांनी शीचा नमुना आणायला सांगितला होता, तो आप्पाजींनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून नेला. स्मिता डॉक्टरांनी झाकण उघडलं, आत बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"आप्पाजी, यात मोहरी आहे."

"होय की."

"आणि हा कढीपत्ता आहे. याला फोडणी कुणी दिली?"

"मीच," आप्पाजी काळजीनं म्हणाले. "जळली होती का?"

डॉक्टर टेबलाला धरून इतक्या हसल्या की बाहेरच्या मांजरवाल्या बाई आत डोकावून गेल्या. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. मेनू, खीर, गुरुवार, सगळं. आणि हसू थांबलं. गुंडूच्या मानेची कातडी चिमटीत धरून त्यांनी दाखवलं, ती हळूहळू खाली बसत होती. "अंगातलं पाणी कमी झालंय. एवढंसं पिल्लू आहे हो. मी आता सलाईन देते. पण यापुढं असंच चाललं ना, तर ते तुमच्या लाडानं जाईल. त्याला वेगवेगळं नको असतं. त्याच्या पोटाला रोज तेच लागतं. पोट थांबेपर्यंत पद्मनाभच्या घरचा भात आणि अंडं. मग त्यात एकाच खाद्याचे थोडे दाणे. मोजून, ठरल्या वेळेला. वर काही नाही, आग्रह नाही. जमेल?"

"जमवतो," आप्पाजी म्हणाले.

घरी येऊन त्यांनी फळा पुसला. सोमवारपुढं लिहिलं 'तेच'. मंगळवारपुढं लिहिलं 'तेच'. असं रविवारपर्यंत लिहीत गेले. कँटीनच्या माणसानं स्वतःच्या हातानं 'तेच' लिहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं. खडू दोनदा मोडला.

पुढचे दिवस आप्पाजींनी कसे काढले ते देवालाच ठाऊक. मापाच्या वाटीनं भात, अंड्याचा तुकडा, पुढं चार दाणे. गुंडू दोन मिनिटांत वाटी चाटून आप्पाजींकडं बघायचा. ते बघणं! आप्पाजी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. सहन झालं नाही की संडासात जाऊन कडी लावून बसायचे. गुंडू दाराबाहेर कुईकुई, आत आप्पाजी म्हणताहेत, "नाही म्हंजे नाही रे बाळा. डॉक्टर ओरडतील." पद्मनाभ एकदा कामानं आला होता, तो हे ऐकून उलट्या पावली परत गेला.

पण गुण आला! तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुंडूनं फुटपाथवर असं काही नीट, घट्ट, देखणं काम केलं की आप्पाजी रस्त्यातच "कस्तुरा, बाहेर ये, बघ तरी!" म्हणून ओरडले. कस्तुराबाई पदर सावरत आल्या. समोरच्या गच्चीवरचे लोक आले. सगळ्यांनी वाकून पाहिलं, माना डोलावल्या. आप्पाजींनी भात कमी केला, दाणे वाढवले. पाव भाग दाणे झाले तरी पोट ठीक.

आणि शुक्रवारी पुन्हा बिघडलं.

"काय दिलंत?" कस्तुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"शपथ, काही नाही दिलं गं."

"तुमच्या शपथा मला ठाऊक आहेत. रविवारी प्रणिता येतेय. मग काय ते बघू."

आप्पाजींनी रात्रभर विचार केला. वाटी मोजलेली, दाणे तेच, वेळ तीच. मग बिनसलं कुठं? शनिवारी दुपारी ते भाजी आणायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले, पिशवी विसरली म्हणून. घरात कुणी दिसेना. मागच्या दाराशी आवाज आला म्हणून ते तिकडं गेले.

मागं कपडे धुवायच्या दगडावर कस्तुराबाई बसल्या होत्या. मांडीवर गुंडू. हातात लोण्यानं थबथबलेला डोसा. "खा रे माझ्या राजा," त्या म्हणत होत्या. "स्वल्पच आहे. ते तुला उपाशी मारतात होय? सांगू नको हं त्यांना." गुंडूनं डोसा गिळला आणि त्यांची बोटं चाटायला लागला, एकेक करून. गुदगुल्या झाल्या तशा कस्तुराबाई हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, लहान पोरीसारख्या.

आप्पाजी दारात उभे राहिले. मग पायातल्या चपला हातात घेऊन, आवाज न करता, आले तसे परत गेले. गेटाबाहेर जाऊन त्यांनी गेट जोरात आपटलं, खाकरले आणि ओरडले, "कस्तुरा, पिशवी विसरलो गं!" आत धावपळ झाली. कस्तुराबाई हात पुसत आल्या आणि कडक आवाजात म्हणाल्या, "काही म्हंजे काही लक्षात राहत नाही तुमच्या."

रविवारी प्रणिता आली. बरोबर जाळीचा डबा, गादी, नवा पट्टा. तिनं गुंडूला उचलून घेतलं, फरशीवरचा ताजा डाग बघितला आणि बापासमोर बसली. "आप्पा, खरं सांगा. मी रागावणार नाही. काय दिलंत याला?"

आप्पाजींनी एकदा कस्तुराबाईंकडं बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात फळ्याखाली उभ्या होत्या.

"दिलं असेल काहीतरी," आप्पाजी म्हणाले. "माझा हात राहत नाही गं. तुला माहीतच आहे. तू ने त्याला. तुझ्याकडं नीट राहील."

प्रणितानं मान हलवली. तिला यात नवीन काहीच वाटलं नाही. तिनं गुंडूला डब्यात ठेवलं आणि दार लावलं. गुंडूनं जाळीला नाक लावलं आणि ओरडायला लागला. आप्पाजी खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि ते लेकीला दिसू नये असं वाटत होतं.

"ठेव तो डबा खाली," कस्तुराबाई म्हणाल्या.

"अगं आई, तूच तर..."

"खाली ठेव म्हटलं ना! त्यांनी काही दिलेलं नाही. मी दिलंय. डोसा दिलाय. लोणी लावून. गुरुवारपासून रोज दिलाय." कस्तुराबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. मग त्या आप्पाजींकडं वळल्या. "आणि तुम्ही कशाला खोटं बोलताय हो? न केलेलं अंगावर घेताय?"

"मला ठाऊक होतं," आप्पाजी खिडकीकडंच बघत म्हणाले. "काल पिशवीला आलो तेव्हा बघितलं."

"बघितलंत? मग बोलला का नाहीत? कुत्रं चाललं होतं की तुमचं!"

आप्पाजी वळले. "तू हसत होतीस," ते म्हणाले. "तुझं पथ्य सुरू झाल्यापासून या घरात खाण्याजवळ तू हसलेली मी बघितली नव्हती. मला वाटलं, मी बोललो तर तू परत हसायची नाहीस."

प्रणितानं डब्याचं दार हळूच उघडलं. गुंडू बाहेर पडला आणि थेट तिच्या पर्समध्ये तोंड घालून बिस्किटं शोधायला लागला.

दुपारी ठरल्या वेळेला गुंडूची वाटी भरली. पुन्हा भात जास्त, दाणे चारच, वर काही नाही. वाटी संपली, गुंडूनं मान वर केली आणि आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघायला लागला. आप्पाजी आणि कस्तुराबाई पायरीवर शेजारी बसले होते. आप्पाजींनी कस्तुराबाईंचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि कस्तुराबाईंनी त्यांचा. प्रणिता मागून म्हणाली, "अय्या, किती प्रेम!"

"प्रेम कसलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "सोडला तर हे वाढायला उठतील."

"मी नाही उठत. तू उठशील," आप्पाजी म्हणाले आणि हात आणखी घट्ट धरला.